कुठला दिनार?

उतेकर मॅडम माझ्या दुकानात पहिल्यांदा आल्या त्या माझी चूक दाखवायला. ती चूक आहे हेच मला मान्य नव्हतं.

महाडला कोर्टाच्या मागच्या गल्लीत माझं टायपिंगचं दुकान आहे. आता तिथे संगणक आहे, प्रिंटर आहे, झेरॉक्सचं यंत्र आहे. पण लोक अजून टायपिंगचं दुकानच म्हणतात. वकील मसुदा लिहून देतात, मी टाइप करतो. वाटणीपत्रं, प्रतिज्ञापत्रं, बिरवाडीतल्या खोल्यांचे भाडेकरार. मजकुराशी आपला काही संबंध नाही, अक्षरं नीट उमटली की झालं, अशी तोवर माझी समजूत होती.

मॅडमनी आल्या आल्या टाइप केलेला कागद काउंटरवर ठेवला आणि एका ओळीवर बोट टेकवलं.

"इथली जागा कुठे गेली?"

पोलादपूरच्या खोऱ्यातल्या दोन भावांचा तो करार होता. धाकटा ऑस्ट्रेलियात असायचा, थोरला गावी. गावातलं घर नव्यानं बांधायचं, थोरल्यानं उभं राहून काम करून घ्यायचं आणि धाकट्यानं खर्चापोटी वीस हजार डॉलर द्यायचे, असं ठरलं होतं. मॅडमच्या हातच्या मसुद्यात 'डॉलर' या शब्दाआधी बोटभर जागा मोकळी होती. ती चुकून राहिली असेल म्हणून मी शब्द पुढे ओढून घेतले होते.

"रिकामीच होती, मॅडम."

"रिकामी नव्हती, मी सोडली होती. कुठला डॉलर ते अजून ठरायचंय."

"डॉलर म्हणजे अमेरिकेचाच ना?"

त्यांनी चष्मा काढला. "तो माणूस राहतो ऑस्ट्रेलियात. तिथलाही डॉलरच. कॅनडाचा डॉलर, सिंगापूरचा डॉलर, हाँगकाँगचा डॉलर. असे वीसेक देश आहेत. तुम्ही एका बोटानं सगळ्यांना अमेरिकेला पाठवलंत, शेखर."

मग माझ्याच काउंटरवरून त्यांनी ऑस्ट्रेलियाला फोन लावला. थोरला भाऊ बाहेर बाकावर बसला होता, त्याला आत बोलावलं आणि फोनचा आवाज मोठा केला. "कुठला डॉलर?" असं विचारल्यावर धाकटा जरा दुखावलाच. मी इथे कमावतो तर इथलाच देणार ना, म्हणाला. थोरल्याचा चेहरा उतरला. त्यानं अमेरिकी डॉलरच्या दरानं चिरे, वाळू, सुतार असा सगळा हिशोब मांडून ठेवला होता. बरंच काही कमी पडणार होतं.

तो निघून गेल्यावर मी म्हटलं, "बिचाऱ्याचं तोंड पडलं हो."

"आत्ता पडलं ते बरं झालं," मॅडम म्हणाल्या. "अर्ध्या भिंती उभ्या राहिल्यावर पडलं असतं, तर दोघं भाऊ एकमेकांचं तोंड पाहायचे नाहीत. घाला आता तिथे 'ऑस्ट्रेलियन'. आणि एक लक्षात ठेवा, माझ्या मसुद्यातली मोकळी जागासुद्धा मजकूर असतो."

त्यानंतर बारा-तेरा वर्षं मी त्यांचे मसुदे टाइप केले.

त्या रोज पोलादपूरहून एसटीनं यायच्या. ठेंगणी, सावळी मूर्ती, सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ. वकिलीचा काळा कोट घडी करून पिशवीत असायचा, तो कोर्टाच्या पायरीवर अंगात चढायचा आणि उतरताना पुन्हा पिशवीत जायचा. उकाड्यात कोट मिरवण्याची त्यांना हौस नव्हती. दुपारी माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसून त्या डबा खायच्या. नाचणीची भाकरी आणि जवळ्याची चटणी. झाकण उघडलं की झेरॉक्सला आलेली माणसं मागे वळून बघायची. "वास आवडला असेल तर या," असं म्हणून त्या खरोखरच अर्धी भाकरी पुढे करायच्या.

कोर्टात त्यांचं नाव पडलं होतं कुठलाबाई. ते त्यांना ठाऊक होतं. प्रत्येक कराराच्या पहिल्या पानावर त्या 'अर्थ' असं शीर्षक टाकून शब्दांचे अर्थ लिहायच्या, मग बाकीचा करार. रक्कम परदेशी असली की देशाचं नाव, चलनाचं नाव, त्या चलनाची तीन अक्षरी खूण, आणि रुपयांत बदलायची तर कोणत्या दिवशीचा, कोणत्या बँकेचा दर, हे सगळं त्या पानावर यायचंच. एक ज्येष्ठ वकील चारचौघांत म्हणाले, "मॅडम लग्नपत्रिकेलाही अर्थाचं पान जोडतील."

"जोडीन की," मॅडम म्हणाल्या. "रुसायचा हक्क कुठल्या बाजूचा, तेवढं तरी लिहून ठेवता येईल."

एकदा वरच्या वाडीतले एक म्हातारे नातवाचा नोकरीचा कागद घेऊन आले. नातू मॉरिशसला हॉटेलात आचारी म्हणून निघाला होता. पगार लिहिला होता नुसता रुपयांत.

"कुठला रुपया?" मॅडमनी विचारलं.

म्हातारे हसायला लागले. "वकीलबाय, रुपाया म्हंजे रुपाया. त्याच्यात कुठला काय नि कसला काय?"

"तिकडेही रुपया असतो, आजोबा. आपल्यापेक्षा जड."

म्हातारे हसायचे थांबले. "जड म्हंजे? जास्ती मिलंल?"

"मिळेल. पण 'मॉरिशसचा' असं कागदावर लिहिलं तर. नाहीतर ते आपल्या रुपयानं देतील आणि आपण भांडू शकणार नाही."

"मंग लिवा ना गो बाय लवकर! बसलाव काय?"

हा किस्सा मॅडम मोठ्या चवीनं सांगायच्या. 'कुठला' हा प्रश्न प्रत्येक वेळी आपल्या माणसाचं नुकसानच करतो असं नाही, कधी फायदाही आपलाच असतो आणि तो आपणच सोडून देतो, हे त्यांना त्यातून सांगायचं असे.

त्यांना या एका शब्दाचा एवढा ध्यास का, ते मला एका संध्याकाळी कळलं. मी सासुरवाडीला पोलादपूरला चाललो होतो आणि एसटीत त्यांच्या शेजारी जागा मिळाली. मी सहज विचारलं. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "माझ्या हातून झालंय म्हणून."

तेव्हा वकिली सुरू करून त्यांना दोनच वर्षं झाली होती. दासगावची सुगंधा नावाची बाई होती. नवरा जहाजावर खानसामा. दोघांचं पटलं नाही, संमतीनं घटस्फोट ठरला. पदरात एक मुलगी. तिच्यासाठी नवऱ्यानं दरमहा शंभर डॉलर पाठवायचे, असा लेख मॅडमनी लिहिला. नवरा तेव्हा अमेरिकेच्या फेऱ्या करायचा, त्यामुळे डॉलर कुठला हा प्रश्नच कुणाच्या मनात आला नाही. दीड वर्षानं त्यानं जहाज सोडलं, हाँगकाँगला हॉटेलात लागला आणि तिथले शंभर डॉलर पाठवू लागला. अमेरिकेच्या डॉलरपुढे ते किती? जेमतेम आठवा हिस्सा.

"मी तीन वर्षं भांडले. तो म्हणायचा, कागदावर शंभर डॉलर आहेत, मी शंभर डॉलर पाठवतोय. एक शब्द कमी होता, शेखर. शेवटी सुगंधा दमली. जे मिळतंय ते घेते म्हणाली."

"मग?"

"मग काय? मुलीच्या शाळेचं मी बघितलं, बारावीपर्यंत. दया म्हणून नव्हे. माझ्या कामात राहिलेली चूक होती, ती भरून काढायला नको?"

गाडी पोलादपूरला आली तशा त्या पिशवी सांभाळत उतरल्या. त्यानंतर त्यांच्या मसुद्यातली एकही मोकळी जागा मी न विचारता बुजवली नाही.

आता नितीनची गोष्ट.

नितीन त्यांच्या धाकट्या बहिणीचा, वत्सलाचा मुलगा. वत्सलाबाईंचं घर पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीत. नवरा वारलेला, डोंगरउतारावर थोडी नाचणी, वरी. नितीन एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे वेल्डर होता. हात उत्तम, पण ठेकेदारी बेभरवशाची. बिरवाडीत एका एजंटानं कुवेतसाठी वेल्डर आणि पाइप फिटर गोळा करायला सुरुवात केली, तेव्हा नितीननं नाव घातलं. त्याच्याबरोबर आसपासचे आठजण. पगार अडीचशे दिनार. सगळ्यांनी मोबाइलवर कुवेतचा दर बघितला आणि सगळ्यांचे डोळे चमकले.

सही करण्याआधी नितीन कराराची प्रत मावशीला दाखवायला माझ्या दुकानात आला. खरं तर पेढे द्यायलाच आला होता. मॅडमनी पेढा बाजूला ठेवला आणि कागद वाचायला घेतला. चार पानं वाचायला त्यांना पाऊण तास लागला. नितीन तीनदा बाहेर जाऊन आला.

"दुसऱ्या कलमात लिहिलंय, पगार दोनशे पन्नास दिनार. कुठला दिनार ते नाही."

"मावशी, कुवेतला चाललोय ना आम्ही!"

"आणि चौदाव्या कलमात लिहिलंय, कंपनीच्या गरजेप्रमाणे इतर देशांतल्या कामावर जावं लागेल. कंपनीची कामं कुठे कुठे आहेत?"

नितीनला माहीत नव्हतं. मी संगणकावर कंपनीचं पान उघडलं. कुवेत होतं, आणि जॉर्डन होतं.

"जॉर्डनमध्येही दिनारच," मॅडम म्हणाल्या. "कुवेतच्या निम्मासुद्धा नाही. तुम्हाला तिकडे पाठवून हातावर अडीचशे जॉर्डनचे दिनार ठेवले, तर या कागदाप्रमाणे ते बरोबर आहेत."

नितीननं कागद स्वतःकडे ओढला. मग म्हणाला, "असं कोण करंल, मावशी?"

"करणार नसतील तर एक ओळ लिहून द्यायला त्यांना त्रास काय?"

दुसऱ्या दिवशी त्या बिरवाडीला गेल्या, मलाही बरोबर घेतलं. एजंट सभ्य होता. चहा मागवला, छापील नमुना कंपनीकडून येतो, आपल्याला त्यात टिंब हलवता येत नाही, असं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, हलवू नका, शेवटी जोडपत्र लावा. एजंट म्हणाला, व्हिसाची मुदत संपेल, शुक्रवारपर्यंत सह्या झाल्या नाहीत तर मी दुसरी माणसं बघेन. मॅडम उठल्या नाहीत. तो जेवायला गेला, परत आला, तरी त्या त्याच खुर्चीत. अखेर वैतागून त्यानं कंपनीचा ईमेलचा पत्ता दिला.

पत्र माझ्या दुकानातून गेलं. पाचच ओळी. या करारात जिथे जिथे 'दिनार' हा शब्द येतो तिथे, कामाचं ठिकाण कुठल्याही देशात असलं तरी, कुवेतचा दिनार समजावा, एवढं लिहून द्यावं.

शुक्रवार आला, उत्तर आलं नाही. त्या दिवशी सकाळी नितीन, त्याची आई आणि बाकीचे आठजण माझ्या दुकानासमोर उभे होते. वत्सलाबाईंचा आवाज गल्लीभर ऐकू जात होता.

"तुला काय जातंय गो बोलाया, ताय? तुझा पोरगा नाय घरात बसलाय. ठेकेदारानं काढलंन त्याला. आता हे पण घालवतेस?"

"वत्सला, चार दिवस थांब. उत्तर येऊ दे."

"आनि व्हिसा गेला तर? तू देशील नोकरी?"

मॅडमनी बहिणीकडे बघितलं नाही. त्या पोरांकडे वळल्या. "मी कुणाचा हात धरणार नाही. तुम्ही थांबलात आणि नोकरी गेली, तर दोष माझा, मी तो घेईन. पण हा कागद बरोबर आहे असं मी म्हणणार नाही. कुणीही कितीही ओरडलं तरी नाही."

 मंगेश नावाचा थोराड फिटर, दोन मुलांचा बाप, तो म्हणाला, "मी थांबतंय." त्याच्यामागोमाग आणखी पाचजण थांबले. तिघं बिरवाडीला गेले आणि सही करून आले. त्या तिघांत नितीन होता. जाताना त्यानं मावशीच्या पाया पडायला वाकावं की नाही असं केलं, आणि तसाच गेला.

मॅडम त्या दिवशी डबा उघडायला विसरल्या. मी आठवण केली, तर म्हणाल्या, "आधी तो दुसरा मसुदा संपवू."

कंपनीचं उत्तर पुढच्या बुधवारी आलं. एकच ओळ: पगार कामाच्या ठिकाणच्या चलनात देण्यात येईल. म्हणजे मॅडमना जी भीती होती ती खरी होती आणि कंपनीनं ती स्वतःच्या शब्दांत लिहून दिली होती. मॅडमनी ती ओळ छापून मंगेशच्या हातात दिली. तो बाकीच्या पाचजणांना घेऊन एजंटाकडे गेला आणि म्हणाला, अर्थ लिहून द्या, मग आम्ही निघतो. चांगले वेल्डर आणि फिटर काही रस्त्यावर पडलेले नसतात. एजंटानं दुसरी माणसं शोधली, मिळाली नाहीत. तीन आठवडे गेले. त्यातले दोघं रोज मॅडमकडे येऊन काय झालं म्हणून विचारायचे, आणि त्या रोज तेच सांगायच्या, "अजून नाही. थांबायचं." मग जोडपत्र आलं, कंपनीच्या शिक्क्यानिशी, आपल्याच पाच ओळी इंग्रजीत. सहाजण गेले.

वत्सलाबाईंनी मात्र बोलणं टाकलं. गौरीला मॅडम बहिणीच्या घरी गेल्या, तेव्हा ती चुलीपुढून उठून मागच्या दारानं निघून गेली. हे मला मॅडमनी नाही, त्यांच्या वाडीतल्या एका जीपवाल्यानं सांगितलं.

सात महिन्यांनी नऊच्या नऊ जणांना जॉर्डनला हलवलं. पहिल्या पगाराला मंगेशच्या हातात अडीचशे जॉर्डनचे दिनार पडले. त्यानं जोडपत्राचा फोटो कंपनीच्या साहेबाला पाठवला, आणि पंधरा दिवसांत सहाजणांचा फरक भरून आला. नितीनकडे दाखवायला काही नव्हतं. त्यानं घरी कळवलं नाही. पाच महिने कमी पैसे पाठवत राहिला, कामाचे तास घटलेत म्हणून आईला सांगत राहिला. खरं काय ते मंगेशच्या बायकोकडून बाहेर आलं.

त्यानंतर चार दिवसांनी वत्सलाबाई माझ्या दुकानाच्या दारात उभ्या होत्या. आत येत नव्हत्या. मॅडम स्टुलावर बसून काहीतरी वाचत होत्या. त्यांनी वर बघितलं.

"ताय, पोरगा फसला," वत्सलाबाई म्हणाल्या.

मला वाटलं, आता मॅडम काहीतरी सुनावतील. त्यांना तो हक्क होता. त्यांनी स्टूल रिकामं केलं, बहिणीला बसवलं आणि विचारलं, "एजंटानं त्याला मोबाइलवर काय काय पाठवलं होतं? काही पुसलं नाही ना?"

नितीननं काही पुसलं नव्हतं. एजंटाचा एक आवाजी निरोप सापडला. "कुवेतचे अडीचशे दिनार, भाऊ, म्हणजे आपले किती होतात बघ," असं त्याच्याच तोंडचं. त्या निरोपावर मॅडम वर्षभर लढल्या. परदेशी जाणाऱ्या कामगारांच्या सरकारी कार्यालयाला पत्रं, वकिलातीला पत्रं, एजंटाचा परवाना रद्द करण्याचा अर्ज. प्रत्येक पत्र मी टाइप केलं, काही पाच-पाच वेळा. त्यांचे डोळे तेव्हापासूनच बिघडत चालले होते. कागद नाकाला लागेपर्यंत जवळ धरायच्या. डॉक्टरांनी वाचन कमी करायला सांगितलं होतं.

"हे संपलं की कमी करीन," त्या म्हणायच्या.

एजंटाला परवाना जाण्याची धास्ती पडली, तेव्हा त्याच्या मध्यस्थीनं कंपनी तडजोडीला आली. तक्रार केली त्या दिवसापासूनचा फरक नितीनला आणि बाकीच्या दोघांना मिळाला. आधीचे पाच महिने गेले ते गेलेच. तडजोडीचा कागद मॅडमनीच लिहिला. त्याच्या पहिल्या पानावर दिनार कुठला हे तीन ओळींत होतं. समोरच्या वकिलानं त्याखाली सही केली.

मी अभिनंदन केलं तर त्या चिडल्या. "कसलं जिंकलो? मंगेशनं एक फोटो पाठवला आणि पंधरा दिवसांत काम झालं. मला एक वर्ष लागलं आणि पाच महिने सोडावे लागले. काम तेच. एका कागदावर शब्द होता, दुसऱ्यावर नव्हता."

पुढच्या वर्षी त्यांनी वकिली थांबवली. डोळ्यांनी साथ सोडली होती. पोलादपूरची खोली सोडून त्या बहिणीकडे वाडीवर राहायला गेल्या, एवढं कळलं. माझं जाणं लांबत गेलं.

गेल्या वर्षी पाऊस ओसरल्यावर एका पक्षकाराच्या जुन्या कागदाबद्दल मॅडमना विचारायला मी वर गेलो. जीप वाडीखालच्या वळणावर थांबली, तिथून पायवाट. वरच्या दळ्यांमध्ये, उतारावरच्या त्या तुकड्यांत, नाचणी काढायला आली होती. दोन बायका बांधावरून घराकडे चालल्या होत्या. पुढे वत्सलाबाई, डोक्यावर कणसांची पाटी, एक हात पाटीला आणि दुसरा मागे केलेला. तो हात मॅडमनी धरला होता. त्या मान ताठ ठेवून चालत होत्या, पाय मात्र चाचपून टाकत होत्या. बांध ओला होता. मी हाक मारणार होतो, पण त्यांचं पावलाकडचं ध्यान मोडेल म्हणून थांबलो.

एका घळीपाशी वत्सलाबाई थांबल्या. आधी स्वतः पलीकडे गेल्या, मग मागे वळून चपलेनं एका दगडावर दोनदा आपटलं. आवाज खालपर्यंत आला.

"हितं ठेव गो ताय, हितं. त्याच्या फुडं नको, ओलं हाय."

मॅडमनी पाय उचलला आणि बरोबर तिथेच ठेवला.